ताशी तीन मैलांची लोकशाही

लोकप्रतिनिधीने लोकांना वरचेवर भेटत राहावं, याबद्दल लोकशाही मानणाऱ्या कोणाचंही दुमत असू नये. प्रश्न उरतो तो किती वेगाने भेटावं, एवढाच. आमच्या मतदारसंघाने तोही सोडवला आहे. आमचे रिपब्लिकन खासदार लेलँड टॅकेट आम्हाला ताशी तीन मैल वेगाने भेटतात. वर्षातून एकदा, चार जुलैला सकाळी साडेदहा वाजता, लाल पिकअपच्या हौद्यात उभे राहून.

मी ग्लेन ओस्टरहौट. कोल्टर्स मिल, मिसूरी इथल्या स्वातंत्र्यदिन मिरवणूक समितीचा एकोणीस वर्षं चिटणीस आहे. त्याआधी बियाणं विकायचो. लेलँडना मी सहाच्या सहा निवडणुकांत मत दिलेलं आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं कोणी टीका समजून वाचणार नाही.

पूर्वी लेलँड शाळेच्या व्यायामशाळेत जाहीर सभा घेत. या सभांमधला एक मूलभूत दोष हळूहळू ध्यानात आला. त्यांना लोक येत. आलेले लोक प्रश्न विचारत, आणि उत्तर मिळालं नाही की तोच प्रश्न पुन्हा विचारत. शेवटच्या सभेत एका निवृत्त बसचालकाने एकच प्रश्न चार वेळा विचारला, आणि चौथ्या खेपेला तो त्याच्याबरोबर आणखी शंभर जणांनी विचारला. वॉशिंग्टनहून पक्षाचा सल्ला आला की समोरासमोरच्या सभा शक्यतो टाळाव्यात. सभा रद्द झाल्या, असं आमचे विरोधक म्हणतात. लेलँडचं कार्यालय म्हणतं की सभांचं आधुनिकीकरण झालं.

आधुनिक सभा फोनवर होते. जेवणाच्या वेळेला फोन वाजतो आणि लेलँडचा आवाज ऐकू येतो. प्रश्न असेल तर तो आधी एका बाईंना सांगायचा. त्या तो ऐकून घेतात, छान आहे म्हणतात आणि तुम्हाला थांबायला सांगतात. मी दोन वेळा थांबलो होतो. (दुसऱ्या वेळचा अजून थांबलेलाच आहे म्हणायला हरकत नाही.) ज्यांचे प्रश्न घेतले गेले, ते सगळे राष्ट्रध्वज, मेक्सिकोची सीमा आणि शाळेतल्या मुलींच्या कुस्त्यांत कोणाला उतरू द्यावं या विषयांवरचे होते. मेक्सिकोची सीमा आमच्या गावापासून नऊशे मैलांवर आहे, पण लेलँडच्या कार्यालयाने केलेल्या पाहणीत शंभर टक्के मतदारांना तिची काळजी वाटत असल्याचं आढळलं. पाहणीच्या कार्डावर दोन चौकटी होत्या: 'फार काळजी वाटते' आणि 'अतिशय काळजी वाटते'. मी 'फार' वर खूण केली. उगाच अतिरेक नको.

तर, प्रत्यक्ष भेटीसाठी राहिली मिरवणूक. तिचा हिशोब मी स्वतः मांडलेला आहे. ताशी तीन मैल म्हणजे सेकंदाला चार फूट आणि वर थोडं. बँड वाजत असताना माणसाचा आवाज पुढे पंचवीस आणि मागे पंचवीस फूट ऐकू जातो. म्हणजे प्रत्येक नागरिकाला आपल्या खासदाराचा अकरा सेकंद सहवास मिळतो. यातून हात हलवणे (तीन सेकंद) आणि मुठीने गोळ्या-चॉकलेटं फेकणे (दोन सेकंद) वजा जाता सहा सेकंद निव्वळ लोकशाही शिल्लक राहते. जगात असे कितीतरी देश आहेत जिथे एवढीही मिळत नाही.

आता खुर्च्यांबद्दल. मेन स्ट्रीटवर मिरवणुकीची जागा धरण्यासाठी लोक एक जुलैपासून घडीच्या खुर्च्या आणून ठेवतात. चार दिवस त्या रिकाम्या खुर्च्या उन्हापावसात उभ्या असतात आणि कोणी त्यांना बोट लावत नाही. आमच्या गावात ट्रॅक्टर चोरीला गेले आहेत, चर्चची घंटासुद्धा एकदा गेली होती, पण खुर्ची कधी हललेली नाही. समितीची नियमावली चार पानांची आहे आणि त्यातली दोन खुर्च्यांबद्दल आहेत. नियम सातवा सांगतो की दोन जुलैच्या सूर्यास्तानंतर कोणतीही खुर्ची कोणीही हलवू नये, मालकानेसुद्धा.

ज्या वर्षीची ही हकीकत, त्या वर्षी लेलँडनी वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या विधेयकाला मत दिलं. त्यात अनेक चांगल्या गोष्टी होत्या, असं ते म्हणाले. (विधेयक नऊशे पानांचं होतं. चांगल्या गोष्टी नेमक्या कुठल्या पानावर आहेत ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांनाही कोणी सांगितलं नसावं.) गरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या उपचारांसाठी सरकार जे देतं त्याला त्या विधेयकाने कात्री लावली. आमच्या काउंटीचं इस्पितळ बरंचसं त्यावरच चालायचं. जूनमध्ये इस्पितळाने जाहीर केलं की एकतीस जुलैला बाळंतपणाचा विभाग बंद होणार. पुढचं जवळचं बाळंतपण एकाहत्तर मैलांवर.

लेलँडनी ताबडतोब 'तीव्र चिंता' व्यक्त करणारं पत्रक काढलं. हे कसं घडलं याची कसून चौकशी व्हावी आणि जो कोणी जबाबदार असेल त्याला जाब विचारला जावा, अशी त्यांनी मागणी केली. एवढ्या निःपक्षपातीपणे स्वतःचा शोध घ्यायला निघालेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

आणि बाळांच्या बाबतीत लेलँडवर शंका घ्यायचं कारणच नाही. जन्माला न आलेल्या बाळांच्या रक्षणासाठी त्यांनी सात विधेयकं मांडली आहेत. पोटात हृदयाचा ठोका पडू लागला की त्यांचं लक्ष असतंच. ते लक्ष जन्माच्या क्षणापर्यंत टिकतं. पुढे बाळाने स्वतःच्या पायावर उभं राहावं, असं त्यांचं मत आहे.

माझी मुलगी टॅरिन तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिचा नवरा आयोवात पवनचक्क्या दुरुस्त करतो, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. पहिल्या बाळंतपणात टॅरिनचं रक्त थांबेना. आमच्याच इस्पितळात, लॉरेटा प्रुइट नावाच्या नर्सने दोन तास हात न काढता तिला वाचवलं. चार बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. त्यामुळे एकाहत्तर हा आकडा वाचला तेव्हा मी घाबरलो, हे कबूल करतो. पण तोंडावर दाखवलं नाही. आपण घाबरलेले दिसलो की दुसऱ्या पक्षाचं फावतं.

योजना लॉरेटाची. एकतीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिने माझाच हिशोब माझ्यापुढे ठेवला. एका माणसाला अकरा सेकंद मिळतात ना? मग प्रश्न एका माणसाने विचारायचाच नाही. रस्त्याच्या कडेने चाळीस खुर्च्या, चाळीस माणसं, प्रत्येकी एक वाक्य. शाळेपासून कोर्टाच्या हिरवळीपर्यंत बावीस मिनिटं लेलँड एकाच प्रश्नातून जातील. मध्ये गाडीतून उतरून पळता यायचं नाही, कारण त्यांच्यामागे घोडे असतात.

"ग्लेन, नियमात बसतं का एवढं सांग," ती म्हणाली.

"खुर्ची कुठेही ठेवता येते."

"आणि तोंड?"

तोंडाबद्दल नियमावलीत काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

प्रश्न तिने फार समजूतदारपणे रचला होता. आमचं गाव सभ्य आहे, आम्हाला कोणाच्या अंगावर जायला आवडत नाही. म्हणून पहिल्या खुर्चीचं वाक्य होतं, "लेलँड, कोल्टर्स मिलमध्ये तुमचं मनापासून स्वागत." दुसरीचं, "आम्ही तुम्हाला सहा वेळा निवडून दिलंय." तिसरीचं, "आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे." तिथून हळूहळू, एकेक खुर्ची करत, बाळंतपणाच्या विभागापर्यंत, विधेयकापर्यंत, एकाहत्तर मैलांपर्यंत. अडतिसाव्या खुर्चीला, "त्याला मत तुम्हीच दिलंत." एकोणचाळिसाव्या खुर्चीत लॉरेटा स्वतः: "मागच्या वेळी हिला चार बाटल्या रक्त लागलं होतं." आणि शेवटी कोर्टाच्या हिरवळीसमोर चाळिसावी खुर्ची, त्यात आठव्या महिन्यात गेलेली टॅरिन: "मग माझं बाळ कुठे जन्माला येणार?" तिथे मिरवणूक संपते. लेलँडना उतरावंच लागतं.

तीन आठवडे माणसं आपापलं वाक्य पाठ करत होती. किराणा दुकानात उभी असली तरी ओठ हलताना दिसायचे.

तीन जुलैला दुपारी लेलँडच्या कार्यालयातून कॉनीबाईंचा फोन आला. मतदारांच्या तक्रारी त्याच हाताळतात. कानावर काहीतरी गेलंय असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी उन्हाची चौकशी केली.

"ग्लेन, मिरवणूक पूर्वेकडून पश्चिमेला जाते ना? लेलँडच्या पाठीला ऊन लागतं हो."

"मग?"

"उलटी काढता येईल का? तुम्हाला अधिकार आहे असं ऐकलंय."

अधिकार आहे. नियम अकरावा: ऊन, पूर वा अन्य सबळ कारणास्तव चिटणीस मिरवणुकीची दिशा बदलू शकतो. एकोणीस वर्षांत मी तो एकदाही वापरला नव्हता. मी तासभर विचार केला. एकीकडे माझी मुलगी होती आणि दुसरीकडे खासदारांची पाठ. शेवटी मनाला असं पटवलं की दिशा उलटली तर टॅरिनला शेवटचा नाही, पहिला क्रमांक मिळेल, आणि हा एका परीने तिचा सन्मानच आहे. माणसाला स्वतःला काहीही पटवता येतं. त्याला फोनवरच्या बाई लागत नाहीत.

चार जुलैला सकाळी दहा वाजता मी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की उन्हामुळे मिरवणूक कोर्टापासून शाळेकडे जाईल. (त्यामुळे ऊन लेलँडच्या थेट डोळ्यांत येणार होतं. त्यांनी काळा चष्मा आणला होता.)

लॉरेटा उठली आणि दुखरा गुडघा धरून रस्त्याने धावत सुटली. अर्ध्या तासात तिने नऊ जणांना गाठलं. खुर्च्या हलवता येत नव्हत्या, पण माणसं हलू शकत होती. कोणी हललं नाही. दुसऱ्याच्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय! एका बाईने सांगितलं की ही जागा माझ्या आईने एकोणीसशे अडुसष्टपासून धरलेली आहे. मग लॉरेटा म्हणाली, निदान वाक्यं तरी बदला. तेही कोणाला जमेना. प्रत्येकाने आपलं वाक्य पाठ केलं होतं आणि दुसऱ्याचं वाक्य आपल्या तोंडून म्हणणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटलं. अशा सचोटीच्या माणसांना कोणीही हरवू शकतं.

साडेदहाला लाल पिकअप कोर्टासमोरून निघाली. मी पिकअपच्या पुढे झेंडा घेऊन चालत होतो, त्यामुळे सगळं मला नीट ऐकू आलं. टॅरिन खुर्चीचा हात धरून उठली. "मग माझं बाळ कुठे जन्माला येणार?" तिने विचारलं. तिचा आवाज चांगला मोठा आहे.

"अभिनंदन!" लेलँड म्हणाले. "मुलगा की मुलगी?" आणि मूठभर गोळ्या फेकल्या.

पुढे लॉरेटाने धापा टाकत रक्ताच्या बाटल्यांचं सांगितलं. त्यांनी रक्तदानाचं महत्त्व मान्य केलं. अडतिसावा इसम म्हणाला, "त्याला मत तुम्हीच दिलंत." लेलँड म्हणाले, "आभारी आहे." मग एकाहत्तर मैल आले, मग विधेयक आलं. दर अर्ध्या मिनिटाला लोकांचा सूर मवाळ होत गेला. शाळेजवळ पोहोचेपर्यंत लोक त्यांना सांगू लागले की आम्हाला तुमचा अभिमान आहे, आम्ही तुम्हाला सहा वेळा निवडून दिलंय, आणि शेवटच्या खुर्चीतल्या शहाऐंशी वर्षांच्या आजोबांनी डोळ्यांत पाणी आणून त्यांचं मनापासून स्वागत केलं.

दुसऱ्या दिवशी लेलँडच्या कार्यालयाने पत्रक काढलं. सुरुवातीला काही मतदारांच्या मनात शंका होत्या, पण खासदारांची भूमिका जसजशी स्पष्ट होत गेली तसतसे सर्वजण त्यांच्या बाजूने आले, असं त्यात म्हटलं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. टॅरिन अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही.

एकतीस जुलैला विभाग बंद झाला. लॉरेटा आता बांधकामाच्या सामानाच्या दुकानात रंगांच्या विभागात काम करते.

अठरा ऑगस्टला दुपारी एक वाजता टॅरिनच्या कळा सुरू झाल्या. काउंटीची एकुलती एक रुग्णवाहिका दुसऱ्या एका आजाऱ्याला घेऊन त्याच एकाहत्तर मैलांवर गेली होती. मी टॅरिनला माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर घातलं आणि निघालो. अडतिसाव्या मैलाला ती म्हणाली, "डॅड, थांबव." समोर धान्याचं कोठार होतं. मी गाडी आत घेतली आणि जिथे सगळ्या गाड्या थांबतात तिथे थांबवली, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर.

कोठारावर डूएन नावाचा गृहस्थ होता. तो मक्याचे ट्रक मोजतो. त्याने हात धुतले, फोन लावला, आणि फोनवरची मदतनीस बाई सांगेल तसं आम्ही दोघांनी केलं. या फोनवरच्या बाईंनी मला थांबायला सांगितलं नाही, एवढं आवर्जून नमूद करतो. दोन वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली आणि ती लगेच रडली.

बाईंनी बाळाचं वजन विचारलं. डूएन कामाला पक्का. त्याने गाडीचं वजन वजा करून काटा शून्यावर आणला आणि एकटा त्यावर उभा राहिला: दोनशे चाळीस पौंड. बाळाला घेऊन उभा राहिला: दोनशे चाळीस पौंड. काटा ट्रकचा, वीस पौंडांच्या खाली त्याला काही कळतच नाही. डूएनने दोनदा वजाबाकी केली आणि फोनवर सांगितलं, "बाई, आमच्या हिशोबाने काहीच नाही."

मग टॅरिनचं रक्त सुरू झालं, आणि ते थांबेना. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं, लॉरेटाने धरलं होतं तसं, पण लॉरेटाला कुठे धरायचं ते माहीत होतं. टॅरिनचा हात गार पडत चालला होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. सव्वीस मिनिटांनी सोयाबीनच्या शेतात हेलिकॉप्टर उतरलं. टॅरिन वाचली. गर्भाशय काढावं लागलं. ती एकतीस वर्षांची आहे.

मार्चमध्ये काउंटी पक्षाचं लिंकनच्या नावाचं वार्षिक जेवण झालं. दोनशे बारा माणसं, भाजलेलं मांस, हिरव्या शेंगा. लेलँड भाषणाला उभे राहिले. वीस मिनिटं सीमेबद्दल बोलल्यावर त्यांनी आवाज खाली आणला आणि एक गोष्ट सांगितली. एक बाप, एक मुलगी, एक गाडी, एक कष्टाळू शेजारी. सरकार नाही, कागद नाहीत, नोकरशाही नाही. जसे आपले पूर्वज जन्मले तसं एक बाळ आपल्याच धान्याच्या कोठारात जन्मलं. हाच आपला देश, ते म्हणाले. (हेलिकॉप्टर वेळेअभावी गळालं असावं.)

"तो बाप आज इथे आहे," लेलँड म्हणाले. "ग्लेन, उभे राहा."

दोनशे अकरा माणसं उठली. माझ्या टेबलावरच्या एका बाई रडत होत्या. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी उठलो. हातही वर केला बहुतेक.

घरी जाताना टॅरिनकडे डोकावलो. ती बाळाला पाजत होती. लेलँड काय म्हणाले, तिने विचारलं. मी सांगितलं.

"आणि तू?"

"उभा राहिलो."

"उभा राहिलास."

"अगं, सगळे टाळ्या वाजवत होते. बसून राहिलो असतो तर बरं दिसलं असतं का?"

तिने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि मला सांगितलं की जाताना दार ओढून घे.

तुम्ही मला हसत असाल. हसा, माझी हरकत नाही. तुमच्याकडे लेलँड नसतील, दुसरं कोणी असेल, दुसऱ्या पक्षाचं असेल, आणि सभागृह आमच्यापेक्षा मोठं असेल. माझी एवढीच विनंती आहे की आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत उभे असताना तुम्ही शेवटचे कधी बसून राहिला होतात, ती तारीख मला कळवावी. मी चिटणीस आहे, नोंद करून घेईन. वही कोरी आहे.